मराठी पाकपुस्तकातील ‘घरचे साहित्य’ : सुलभ व आरोग्यदायी पाककृतींच्या निवडीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे आणि प्रवासवर्णने यांचा आपण अभ्यास करतो. पाकपुस्तकाला मात्र या मालिकेत सहसा स्थान दिले जात नाही. ते स्वयंपाकघरातील फडताळावर तेलाचे डाग अंगावर घेऊन पडलेले असते आणि त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी केवळ उपयोगाची असते. वास्तविक कोणत्या काळात कोणत्या घरात काय उपलब्ध होते, कोणते काम कोणाला येत असेल असे गृहीत धरले जाई, कशाला पौष्टिक म्हटले जाई, याचा इतका थेट पुरावा अन्य लेखनात क्वचितच सापडतो. प्रस्तुत निबंधात मराठी पाकपुस्तकांच्या परंपरेचा आढावा घेऊन ‘सोपी कृती’, ‘घरात असणारे साहित्य’ आणि ‘आरोग्यदायी’ या तीन शब्दप्रयोगांचा अर्थ कसा घडत गेला, आणि आजच्या सामान्य कुटुंबाने पाकपुस्तक निवडताना त्याचा विचार का करावा, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाला स्थानिक निमित्त आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या गारखेडा परिसरातील पुंडलिकनगर ही मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांची दाट वस्ती होय. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे आणि शिक्षणाच्या सोयींमुळे मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून माणसे या शहरात आली, स्थिरावली. अशा वस्तीतील एखाद्या घराचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. वडिलांना मधुमेह, आईला रक्तदाब, मुलीचे हिमोग्लोबिन कमी, आणि वैद्यांनी तिघांनाही ‘आहार सांभाळा’ असे सांगितलेले. हे चित्र अपवादात्मक नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एकाच ताटात जास्तीचे आणि उणे अशा दोन्ही आजारांना उत्तर शोधावे लागते, आणि हे कुटुंब पुस्तकाच्या दुकानात जाऊन ‘आरोग्यदायी’, ‘झटपट’, ‘घरगुती’ अशी विशेषणे मिरवणाऱ्या मुखपृष्ठांपुढे उभे राहते. त्यांतील कोणते घ्यावे हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर इतिहासात बरेच मागे न्यावे लागते.

राजवाड्यातील पाकशास्त्र

आपल्या प्रदेशाशी संबंधित पाकलेखनाचा एक ठळक आरंभबिंदू म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले गाव. या ग्रंथातील ‘अन्नभोग’ प्रकरणात मांड्यांसारखे गव्हाचे पदार्थ, डाळींचे वडे, मांसाचे विविध प्रकार येतात. नदीकाठी सापडणाऱ्या उंदरांच्या मांसाची कृतीही तेथे आहे, हे वाचून आजचा वाचक दचकतो. पण त्यावरून राजाच्या ताटात रानातले अन्नही कसे येत होते हे कळते. ग्रंथाचा हेतू मात्र उघड आहे. हा राजाचा ‘भोग’ आहे. साहित्य उपलब्ध आहे की नाही हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ रचला. प्राच्यविद्या संशोधक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. येथे दृष्टी बदललेली दिसते. धान्ये, भाज्या, दूध-दही व सिद्ध अन्न यांचे गुणदोष आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगितले आहेत. कोणते अन्न पचायला जड, कोणते हलके, कोणत्या ऋतूत काय घ्यावे, हा विचार त्यात आहे. पुढे त्याच तंजावरात सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात मराठीत ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सिद्ध झाले. इंग्रजी धाटणीच्या पदार्थांची त्यात घेतलेली दखल लक्षणीय आहे. हे तिन्ही ग्रंथ महत्त्वाचे असले तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि ग्रंथ वाचणारी व्यक्ती त्यांत वेगवेगळी आहे. ‘सोपे’ हा शब्द तेथे अनावश्यक होता.

छापील पुस्तक आणि वाचणारी गृहिणी

ही स्थिती बदलली ती मुद्रण आणि स्त्रीशिक्षण यांच्या प्रसाराने. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. शीर्षकातील दोन्ही घटक विचार करण्यासारखे आहेत. पुस्तक गृहिणीचे मित्र आहे, म्हणजे शेजारी उभे राहून सांगणारी सासू, नणंद वा आई आता नसेल, अशी शक्यता त्यात गृहीत आहे. आणि पाकक्रिया हजार आहेत, म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक. मुंबईच्या सुस्थित, सुशिक्षित घरात नव्या पदार्थांचे कुतूहल निर्माण झाले होते याचे हे निदर्शक होय. १९४३ मध्ये सारस्वत महिला समाजाच्या पुढाकाराने अंबाबाई सामशी यांची ‘रसचंद्रिका’ आली. तिचा हेतू आपल्या समाजाच्या पद्धती पुढील पिढीसाठी टिकवून ठेवण्याचा होता. ज्ञातीचे स्वयंपाकघर हे त्या काळच्या पाकपुस्तकाचे स्वाभाविक एकक होते. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. लेखिका आपल्याला ठाऊक असलेलेच लिहिणार.

या परंपरेतील सर्वांत दूरगामी घटना म्हणजे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. १९७० मध्ये किर्लोस्कर प्रकाशनाने ते प्रसिद्ध केले आणि पुढील काळात त्याच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या. अवघ्या चौथीपर्यंत शिकलेल्या, सांगली भागात संसार केलेल्या या बाईंनी (१९१३ ते १९९९) मराठी पाकपुस्तकाचे रूपच पालटले. लग्नाच्या रुखवतात हे पुस्तक ठेवण्याची रीत अनेक घरांत पडली. या यशाची कारणे सांगताना त्यांच्या हाताची चव, भाषेतील आपुलकी यांचा उल्लेख नेहमी होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून महत्त्वाचे कारण मापात आहे.

ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे धान्य मोजण्याची भाषा पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे अशी होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढील दहा-बारा वर्षांत लग्न होऊन नव्या संसाराला लागलेल्या मुलीची अडचण अशी की, आईचे माप शेरात, दुकानातले माप किलोत, आणि घरात तराजू नाही. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे घेतली. ती प्रत्येक घरात होती, शिकवावी लागत नव्हती आणि पदार्थातील घटकांचे परस्पर प्रमाण त्यांनी चुकत नव्हते. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट कप व चमचा यांचा आग्रह धरून जे साधले, त्याचीच ही मराठी आवृत्ती म्हणता येईल. फरक एवढाच की फार्मर यांच्यामागे स्वयंपाकशाळा होती आणि ओगलेबाईंच्या मागे सासूबाई. याच सुमारास प्रेशर कुकर मध्यमवर्गीय ओट्यावर आला आणि ‘तीन शिट्ट्या’ हे कालमापनाचे एक नवे परिमाण मराठीत रूढ झाले. त्याची व्याख्या अजून कोणत्याही मानक संस्थेने केलेली नाही, तरी सर्वांना कळते.

मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’, जयश्री देशपांडे यांचे ‘हमखास पाकसिद्धी’ ही पुस्तके याच मार्गाने लोकप्रिय झाली. १९७३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या पाठपानांवरील पाककृतींनी तर पुस्तक विकत न घेणाऱ्या घरातही छापील कृती पोहोचवली. अशा रीतीने ‘सोपी कृती’ ही कल्पना साकार झाली. ती साक्षर स्त्रीला एकटीने, न विचारता, घरातील भांड्यांनी करता येणारी कृती होती. ही मोठी लोकशाही स्वरूपाची घटना होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘घरात असणारे’ म्हणजे कोणाच्या घरात?

लोकशाहीला मर्यादा पडली ती साहित्याच्या यादीत. ओला नारळ, गोडा मसाला, चिंच-गूळ, आमसूल, साजूक तूप हे घटक पुण्या-मुंबईच्या, कोकणाशी नाते असलेल्या घरात ‘नेहमीचे’ होते. मराठवाड्यातील घरात नेहमीचे काय होते? ज्वारी, बाजरी, तूर, हुलगा, शेंगदाणा, करडई, कारळ, जवस, तीळ, सुके खोबरे, काळा मसाला, येसर. भाज्यांत अंबाडी, चुका, तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा. पदार्थांत धपाटे, शेंगोळे, ज्वारीच्या कण्या, आंबील, हुलग्याचे माडगे, येसराची आमटी. समुद्र दूर असल्याने ओल्या नारळाची जागा येथे शेंगदाण्याच्या कुटाने आणि सुक्या खोबऱ्याने घेतली आहे. ही प्रादेशिक भिन्नता कोणालाही ठाऊक असते, पण पुस्तकात ती उतरली नाही.

याला राजकीय इतिहासाचीही बाजू आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी ग्रंथप्रकाशनाची केंद्रे पुणे व मुंबई येथे राहिली. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची, आणि विभाग महाराष्ट्र राज्यात आला तो १९६० मध्ये. येथील सुशिक्षित स्त्रीच्या हाती पहिले मराठी पाकपुस्तक पडले तेव्हा ते पश्चिमेकडून आले होते. तिने त्यातून पुरणपोळीचे प्रमाण घेतले, केक घेतला, पंजाबी भाजी घेतली आणि रोजची भाकरी आपल्या आईप्रमाणेच थापली. मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी पाकपुस्तकांनी भारतीय शहरी मध्यमवर्गासाठी एक ‘राष्ट्रीय’ पाकपद्धती कशी घडवली हे दाखवले आहे. मराठी पाकपुस्तकांनी तेच ‘महाराष्ट्रीय’ पद्धतीच्या बाबतीत केले, असे त्यांच्या विवेचनाच्या आधारे म्हणता येते.

प्रदेशाहून खोल असलेली दरी जातीची आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने आपल्या विभागातील सर्वांत महत्त्वाचे पाकलेखन होय. मराठवाड्यातील महार व मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यांनी आठवणी आणि कृती एकत्र गुंफून नोंदवली. ज्या वचनाने आपण जेवणाला आरंभ करतो त्याच्या मध्यभागी एक ‘अ’ घालून त्यांनी शीर्षक केले आहे. जे ताट पूर्ण कधी नव्हते, त्याच्याविषयी पूर्णब्रह्माची भाषा कशी बोलायची, हा त्यांचा प्रश्न आहे. मांसाचा कोणताही भाग वाया न घालवणे, वाळवून टिकवलेल्या चान्या, रानातील पाला, थोड्या तेलात किंवा तेलावाचून भागवणे, हे सर्व त्यात येते. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि मग त्याची चर्चा देशभर झाली. त्यापूर्वी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले होते. त्याआधी ही माहिती शोधायची तर दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) सारख्या आत्मकथनांकडे जावे लागे. पाकपुस्तकाच्या फडताळावर ती नव्हती.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. तुटपुंज्या अन्नाचे आरोग्याच्या नावाने उदात्तीकरण करणे हा दुसरा अन्याय होईल. तेल नव्हते म्हणून तेल न घातलेले कालवण आणि प्रकृतीसाठी तेल कमी केलेले कालवण ही चवीला सारखी लागली तरी इतिहासात एक नाहीत. पाटोळे यांचे पुस्तक ‘कमी तेलाच्या पाककृती’ म्हणून वाचणे म्हणजे ते न वाचणेच होय.

न लिहिलेली भाकरी

आता या निबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे येता येईल. पाकपुस्तक हे स्वभावतः जे येत नाही त्यासाठी लिहिले जाते. जे सर्वांना येते ते लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही. परिणामी आपल्या बहुतेक संग्रहांत सणावाराचे गोड पदार्थ, तळण, पाहुण्यांसाठीचे प्रकार पानेच्या पाने व्यापतात, आणि भाकरी, साधे वरण, पालेभाजी, उसळ, ताक यांना, दिलीच तर, काही ओळींची जागा मिळते. रोजच्या आरोग्याचा आधार असलेले अन्न छापील परंपरेत सर्वांत क्षीण राहिले, हा या इतिहासाचा विपर्यास आहे. पुस्तकातून स्वयंपाक शिकणाऱ्या पिढीला पुस्तकात जे नाही ते येत नाही. पुंडलिकनगरातील तरुण जोडप्याला गुलाबजामाचे प्रमाण माहीत असते, भाकरी मात्र शेजारच्या मावशींकडून तयार आणली जाते. मावशींना त्यातून उत्पन्न मिळते ही चांगली गोष्ट आहे. पण घरातील एक विद्या बाहेर गेली हेही तितकेच खरे.

भाकरी सोपी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. गव्हाच्या पिठाप्रमाणे ज्वारीच्या पिठात चिकटपणा धरणारे ग्लुटेन नसते. पीठ ताजे असेल तर त्याला ‘विरी’ असते. दळून बरेच दिवस झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. अशा पिठाला आधणाचे पाणी घालावे लागते. त्याने पिठातील पिष्ट अंशतः शिजून गोळा धरतो. पीठ एकदम सगळे न मळता एका भाकरीपुरते काठवटीत घेऊन तळहाताच्या टाचेने रगडायचे, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकण्यापूर्वी उलटायचे. ही कृती कारणांसह दोन पानांत लिहिता येते. ती तशी लिहिलेली पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत, याचे आश्चर्य वाटते.

भाकरी ताटातून हटण्यामागे केवळ विस्मरण नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या मनात ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्याविषयी अप्रीती राहिली असेल तर ती समजण्यासारखी आहे. गव्हाची पोळी हे सुस्थितीचे चिन्ह झाले. शिधावाटपात गहू व तांदूळ यांना प्राधान्य मिळाले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरवला आणि २०२३ पासून हे धान्य मोफत झाले, तरी शिधापत्रिकेवर घरात येते ते प्रामुख्याने गहू-तांदूळच. शेतातही कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीची जागा घेतली. त्यामुळे एके काळी गरिबाची समजली जाणारी ज्वारी दुकानात गव्हापेक्षा महाग मिळण्याचे दिवस आले. ‘सामान्य साहित्य’ ही संज्ञा पन्नास वर्षांत किती फिरू शकते याचे हे बोलके उदाहरण होय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारीचे पास्ता आणि बाजरीचे केक सांगणारी पुस्तके आली. भाकरीची कृती त्यांतही दुय्यमच राहिली.

‘पौष्टिक’ आणि ‘आरोग्यदायी’

तिसरा शब्द सर्वांत फसवा आहे. ‘भोजनकुतूहला’त आरोग्य म्हणजे प्रकृती, ऋतू आणि पचन यांचा मेळ. वसाहतकाळात पोषणशास्त्र आले. १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनातून सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हलवलेली संस्था म्हणजे आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तेथील संचालक आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. उष्मांक, प्रथिने, जीवनसत्त्वे हे शब्द त्यानंतर हळूहळू गृहशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत उतरले. उपासमार हा त्या काळचा प्रमुख प्रश्न होता, त्यामुळे ‘पौष्टिक’ म्हणजे अधिक उष्मांकाचे, दूध-तूप-साखर-सुकामेवा असलेले, असा अर्थ रुजला. वाटीभर तूप व दोन वाट्या साखर घातलेल्या लाडूला ‘पौष्टिक’ हे विशेषण अजूनही निःशंकपणे लावले जाते. बाळंतिणीच्या बाबतीत ते एके काळी सयुक्तिक असेल. बैठे काम करणाऱ्या पन्नाशीतील मधुमेही गृहस्थाच्या बाबतीत नाही.

मराठीत आहाराविषयी शास्त्रीय व सुबोध लेखन करणाऱ्या मालती कारवारकर यांच्यासारख्या लेखिकांनी ही दृष्टी बदलण्याचा प्रयत्न केला. तथापि सर्वसामान्य पाकपुस्तकाच्या कृतीत तो बदल पुरेसा झिरपला नाही. ‘तेल : फोडणीपुरते’, ‘मीठ : चवीनुसार’ या दोन नोंदी अजून कायम आहेत, आणि आजच्या दोन मोठ्या व्याधींचा हिशेब नेमका याच दोन ठिकाणी मोघम राहतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दिवसाला २,००० उष्मांकांच्या आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी वा तत्सम प्रथिनयुक्त पदार्थ, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. मीठ ५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. २७ ग्रॅम म्हणजे साधारण सहा लहान चमचे. चार माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब केला तर तो साडेतीन लिटरच्या आसपास येतो, आणि त्यात तूप, लोणीही आले. ज्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो, तेथे पाकपुस्तक कोणते आहे यापेक्षा ते तेलाचे माप देते की नाही हे पाहणे अगत्याचे ठरते.

निवडीविषयी

वरील इतिहास लक्षात घेता पुस्तक हातात घेतल्यावर प्रथम अनुक्रमणिका पाहावी. गोड, तळण व ‘खास’ पदार्थ यांची पाने वगळून उरलेल्या भागात आठवड्याच्या चौदा जेवणांची सोय होते का, हा पहिला प्रश्न. ती होत नसेल तर पुस्तक वाईट ठरत नाही, पण ते सणाचे पुस्तक आहे. रोजच्या पथ्याचा भार त्याच्यावर टाकू नये. त्यानंतर कोणत्याही पाच भाज्यांच्या कृती उघडून साहित्य वाचावे. ते सर्व गल्लीतील किराणा दुकानात आणि भाजीच्या गाडीवर मिळत असेल तर ‘सामान्य साहित्य’ हा दावा खरा. एका पदार्थासाठी मोंढ्यात वा मॉलमध्ये जावे लागत असेल तर तो दावा दुसऱ्या कोणाच्या घराचा आहे. ऑलिव्ह तेल, क्विनोआ, बदामाचे पीठ यांवर उभे राहिलेले आरोग्य मासिक उत्पन्नाच्या पहिल्या आठवड्यापुरतेच टिकते. आपल्या हवामानातील करडई, जवस, कारळ आणि शेंगदाणा यांना पुस्तकात स्थान आहे काय, हे पाहणे अधिक फलदायी.

कृती किती माणसांसाठी आहे हे सांगितले नसेल तर मापांचा उपयोग निम्मा होतो. मधुमेही माणसाला पदार्थाइतकेच त्याच्या वाट्याला आलेले प्रमाण महत्त्वाचे असते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. तरी ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्याने रक्तातील साखर ताब्यात राहील असा समज करून घेणे चूक होय. त्याचप्रमाणे रक्तक्षयासाठी पालेभाजी सांगताना सोबत लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढे दोन शब्द जे पुस्तक लिहिते त्याला लोहाचे शोषण कळलेले आहे असे समजावे. कोणताही पदार्थ ‘मधुमेह बरा करतो’ असे सांगणारे पुस्तक मात्र खाली ठेवावे. औषधयोजना व पथ्य यांचा निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा लागतो.

एकच पुस्तक या सर्व कसोट्यांना उतरेल असे नाही. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर मापासाठी आणि पद्धतीसाठी ‘रुचिरा’ला आजही पर्याय देणे कठीण आहे. तिच्यातील ओल्या नारळाच्या जागी शेंगदाण्याचे कूट बेताने घ्यावे आणि तेलाचे माप स्वतः ठरवून समासात लिहावे. दुर्गा भागवतांचे ‘खमंग’ पदार्थामागची संस्कृती समजण्यासाठी वाचावे. पाटोळे यांचे पुस्तक कृतींसाठी घ्यावेच, पण त्याहून अधिक यासाठी की, ‘आपल्याकडे असे खातात’ या वाक्यातील ‘आपण’ कोण, हे त्याने कळते. चलचित्रांच्या काळात पुस्तक कशाला, असे विद्यार्थी विचारतात. चित्रफितीत हात दिसतो, हे तिचे बलस्थान मान्य केलेच पाहिजे, विशेषतः भाकरीसाठी. परंतु महिनाभराच्या तेलाचा हिशेब, समासातील टिपण आणि दोन कृतींची तुलना यांसाठी छापील पान अजून सोयीचे आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर संशोधन आणि स्वयंपाकघर यांतील अंतर फार मोठे राहिलेले नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. त्याच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते, नेहमीच्या वाणांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व २० च्या आसपास राहते. ज्या विभागात मुलींच्या रक्तक्षयाची चर्चा प्रत्येक महाविद्यालयाच्या आरोग्य तपासणी शिबिरानंतर होते, त्याच विभागात हे वाण तयार झाले. त्याच्या पिठाची भाकरी, कण्या, धपाटे, आंबील यांची वाटी-चमच्याच्या मापात, माणशी तेलाच्या उल्लेखासह लिहिलेली चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका गृहशास्त्र, मराठी व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे. आजी-आत्यांकडून कृती टिपून आणण्याचे काम पदवीच्या प्रकल्पात सहज बसते. प्रत्येक कृतीपुढे सांगणाऱ्या घराचे गाव आणि काळ नोंदवला तर ते इतिहासाचे साधनही होईल. तोवर महाविद्यालयीन ग्रंथालयांनी निदान एवढे करावे की, दशांश वर्गीकरणातील ६४१.५ या क्रमांकाच्या फडताळावर ‘रुचिरा’ आणि ‘अन्नपूर्णा’ यांच्या शेजारी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ची एक प्रत ठेवावी. समाजशास्त्राच्या कपाटात दुसरी प्रत असेल, तरीही.